खिडकीतल्या मुठी

हॉस्पिटलात तिला नावानं कोणी हाक मारत नाही. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या डॉक्टरांपासून फाटकावरच्या रखवालदारापर्यंत सगळे तिला प्लास्टरताई म्हणतात, आणि आता तिलाही तेच सवयीचं झालंय. तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी तिची खोली. एक उंच टेबल, एक खोल सिंक, कोमट पाण्याची बादली आणि पट्ट्यांच्या गुंडाळ्यांनी भरलेलं कपाट. हात मोडो, पाय मोडो, माणूस शेवटी तिच्या टेबलावर येऊन बसतो. ती गुंडाळी पाण्यात बुडवते, बुडबुडे थांबले की उचलते, दोन्ही टोकं दाबून पाणी काढते आणि बोलत बोलत बांधायला लागते. बोलणं हा त्या कामाचा निम्मा भाग आहे. माणूस हसला की हात सैल सोडतो, आणि हात सैल असला की प्लास्टर नीट बसतं.

इतकी वर्षं हे केल्यामुळे तिची नजर बिघडली, असं तिच्या नवऱ्याचं म्हणणं. समारंभात बाकीच्या बायका दागिने बघतात, ही मनगटं बघते. ओल्या जिन्यावरून कोणी घाईनं उतरलं की हिच्या कपाळाला आठी पडते. बागेत घसरगुंडीवर उलटी चढणारी पोरं तिला पोरं म्हणून दिसतच नाहीत, दुपारचं काम म्हणून दिसतात. नवरा फरश्यांच्या दुकानात विक्रीला आहे. दुकानात नवी चकचकीत फरशी आली की ही बुटाचा तळ घासून बघते आणि सगळ्यांसमोर मान हलवते. शेवटी त्यानं तिला हात जोडून सांगितलं की बाई, तू दुकानात येत जाऊ नकोस, गिऱ्हाइकं बिचकतात.

तर अशा बाईच्या घरातलाच माणूस पडला, आणि तोही रस्त्यात कुठे नाही, स्वतःच्या दुकानात. तिचे सासरे केस कापतात. घराच्या खालीच त्यांचं दुकान आहे. एक फिरती खुर्ची, एक आरसा, थांबणाऱ्यांसाठी एक बाक, आणि त्या बाकावर कायम एक तरी असा माणूस, ज्याला केस कापायचे नसतात, नुसत्या गप्पा हाणायच्या असतात. सगळी गल्ली त्यांना कात्रीमास्तर म्हणते. आरशावरचा दिवा गेला म्हणून मास्तर तो बदलायला चढले, आणि चढले कशावर, तर त्याच फिरत्या खुर्चीवर. शिडी मागच्या खोलीत होती, पण तिथपर्यंत जातो कोण. खुर्चीनं जन्मभर जे केलं होतं तेच केलं. ती फिरली. मास्तर उजव्या हातावर आले आणि मनगट मोडून बसले.

प्लास्टर अर्थातच सुनेनं घातलं. खोलीत शिरताना मास्तर म्हणाले, "सूनबाई, आज आमचा नंबर," आणि ती हसली, पण बुडबुडे थांबले तरी पट्टी पाण्यातून उचलायची विसरली. परक्या लोकांची एवढी हाडं बांधली तेव्हा असं कधी झालं नव्हतं. या हाताशी तिचं जुनं नातं होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिचे हात प्लास्टरनं आणि सारख्या पाण्यानं फुटलेले असायचे, इतके की पाहुण्यांसमोर ती ते पदराआड धरायची. नव्या सुनेनं लोकांचे पाय बांधत फिरावं हे सासूबाईंना तेव्हा मुळीच पटलेलं नव्हतं. सासऱ्यांनी एक दिवस काही न बोलता मलमाची डबी तिच्यासमोर ठेवली. त्यांचेही हात साबणानं तसेच फुटायचे. "रोज लावत जा," ते म्हणाले. "आपल्या दोघांचे हात धंद्याचे आहेत, त्यांची हेळसांड करायची नाही." सासूबाईंनी त्या दिवसापासून सुनेच्या नोकरीबद्दल तोंड उघडलं नाही. तेव्हापासून तिला हा माणूस वडिलांच्या जागी आहे, आणि हे ती कुणालाही सांगते.

यथावकाश प्लास्टर काढायचा दिवस आला. प्लास्टर कापायची गोल करवत गुरगुरायला लागली की भलेभले टेबलावरून उतरून दाराकडे बघतात. प्लास्टरताई मग ती आधी स्वतःच्या तळव्याला लावून दाखवते, की बघा, कातडीला काही होत नाही. मास्तरांनी करवतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं सगळं लक्ष हाताकडे. आतून निघाला तो हात बारीक, पांढुरका, कोंडा धरलेला, कुणा दुसऱ्याचाच वाटावा असा. मूठ मिटा म्हटलं तर बोटं अर्ध्या वाटेत थांबली आणि तिथेच ताटकळत राहिली. मास्तरांनी बाही खाली ओढली आणि चहा कुठे मिळतो ते विचारलं.

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी सगळं स्पष्ट सांगितलं. हाड जुळलंय, आता रोज हात चालवायचा, मूठ मिटायची, उघडायची, दुखलं तरी. हे पुढचे काही आठवडे घालवलेत तर बोटं अशीच आखडून राहतील आणि मग कोणाच्याच हातात काही उरणार नाही. प्लास्टरताईला हे ऐकायची गरज नव्हती. तिनं अशी माणसं पाहिली होती. वर्षभरानं दुसऱ्याच कुणाला घेऊन तिच्या खोलीत यायची, आणि शर्टाचं वरचं बटण लावून घ्यायला बायकोपुढे हनुवटी वर करून उभी राहायची. सासऱ्यांचा हात तसा होता कामा नये, एवढंच तिनं मनाशी धरलं.

मास्तरांनी मात्र व्यायामाला सरळ कानाडोळा केला. मॅडमनी दिलेला मऊ चेंडू पहिल्याच आठवड्यात कांद्यांच्या टोपलीत सापडला. विचारलं की म्हणायचे, केला की मघाशी. कधी मघाशी, तर तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा. दुकान बंदच. केस वाढलेली मंडळी रस्त्यातून वर बघून विचारायची, मास्तर, कधी उघडताय, आणि मास्तर गॅलरीतून डावा हात हलवून म्हणायचे, पुढच्या आठवड्यात. असे पुष्कळ पुढचे आठवडे येऊन गेले. मग एकदा कोपऱ्यावरचा मोबाइल दुरुस्त करणारा जागा बघायला आला. त्याला दुकान भाड्यानं हवं होतं. मास्तरांनी त्याला हाकलून द्यायचं सोडून आत बोलावलं, दिव्याची बटणं दाखवली आणि सांगितलं की वर्षअखेरच्या सुट्ट्या होऊन जाऊ देत, मग कळवतो. सासूबाईंनी हे रात्रीच्या जेवणात सहज बोलल्यासारखं सांगितलं, आणि प्लास्टरताईनं हातातला घास ताटात परत ठेवला.

ओरडून उपयोग नव्हता. तिला माणसांना बोलण्यात गुंतवून त्यांचे हात सैल करायची सवय. तिनं तीच युक्ती लढवली. त्या आठवड्यात मुलांच्या वॉर्डात सुट्ट्यांसाठी सजावटीचं काम निघालं होतं. हवेत आपोआप सुकणारी पांढरी माती मिळते ना, भट्टी नको, रंग नको, तिचे तारे न् पक्षी करून पोरं खाटांना टांगत होती. पाय टांगलेला एक पोरगा ती माती अशी काही तिंबत होता की प्लास्टरताई दारातच थांबली. तिंबायचं, लाटायचं, चिमटीत धरायचं, दाबायचं. मॅडमनी शिकवलेले सगळे व्यायाम त्यात आले होते, आणि चेंडूसारखा कंटाळवाणा प्रकार नव्हता.

घरी येताना ती मातीची बरीच पाकिटं घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून तिनं एक मोठा सुस्कारा टाकला. हा सुस्कारा तिनं बसमध्ये दोनदा करून बघितला होता. तिनं सांगितलं की यंदा आख्ख्या तळमजल्याची सजावट तिच्या गळ्यात पडली आहे, आणि तिला तर सरळ रेघसुद्धा मारता येत नाही, तेव्हा आता घरातल्या कुणीतरी मदतीला आलं पाहिजे. हे म्हणताना तिनं नवऱ्याकडे बघितलं, कारण तो नाही म्हणणार याची तिला खात्री होती. तो नाही म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, मला ते ओलं ओलं बोटांना चालत नाही. मग सगळ्यांची नजर आपसूक मास्तरांकडे वळली. मास्तरांनी पाकीट उचललं, डाव्या हातानं वजन बघितलं आणि म्हणाले की बघू, घरीच तर बसलोय.

पहिली खेप तिनं स्वतः बिघडवली. प्लास्टरचं कसं असतं, गुंडाळलं की ते गरम होतं, आणि माणसाची एक गोष्ट सांगून होईपर्यंत कडक होऊन बसतं. वाट बघणं हा प्रकार त्या खोलीत नाहीच. ही माती मात्र थंडगार, ओली आणि जराही घाई नसलेली. सकाळचे तारे संध्याकाळीही मऊच आहेत हे बघून प्लास्टरताईच्या जिवाची घालमेल झाली आणि तिनं आख्खं ताट उचलून हीटरवर ठेवलं. थोड्या वेळानं बघते तर ताऱ्यांचे पाय वर उचललेले, मधून चिरा, आणि एक पक्षी पाठीवर उताणा. मास्तर हसून हसून खोकले. मग दोघांनी मिळून रीत बसवली. लाटलेली माती फार पातळ ठेवायची नाही. दोरा ओवायचं भोक ओलं असतानाच सरबत प्यायच्या नळीनं पाडायचं. तुकडे जाळीवर ठेवायचे, हीटरपासून लांब, आणि दिवसातून एकदोनदा पालथे करायचे म्हणजे वाकत नाहीत. चीर गेलीच तर त्याच मातीत पाणी कालवून तिची लापशी करायची आणि बोटानं भरायची. मास्तरांनी ही रीत इतकी मनावर घेतली की सासूबाईंना जाळीजवळून जाताना हळू चाला म्हणून सांगायला लागले.

त्यानंतर तिला वाटलं की आपण जिंकलो. ड्यूटीवरून घरी यावं तर जाळी भरलेली. आधी साधे तारे आणि पानं, मग हळूहळू मास्तरांच्या अंगातला कसबी माणूस जागा झाला. पंख मिटलेले पक्षी, पंख उघडलेले पक्षी, ज्यांच्या पिसांच्या रेघा कंगव्यानं ओढलेल्या होत्या. बोटभर कात्र्या. एक आरसा. मिशा, नुसत्या मिशा, तऱ्हेतऱ्हेच्या, ज्या बघून एक्स-रेवाल्यानं आपल्या दाराला दोन मागून घेतल्या. सजावटीची थाप मारून झाली होती, तेव्हा ती सगळी खरोखरच तळमजल्यावर टांगावी लागली, आणि गंमत म्हणजे लोकांना ती भयंकर आवडली. मोडक्या हातांची माणसं रांगेत बसून वर बघत राहायची. प्लास्टरताई व्यायामाच्या मॅडमना धरून आणायची आणि म्हणायची, बघा, माझ्या सासऱ्यांचा उजवा हात. मॅडमही म्हणायच्या, छान, छान. आनंदाच्या भरात प्लास्टरताईनं घरी एकदाही मूठ मिटून दाखवा म्हणून विचारलं नाही. विचारलं तर त्यांना संशय येईल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं.

आणि मग एका दुपारी, गर्दी जरा ओसरली असताना, ती स्टुलावर चढून एक मोठं पान टांगत होती. तिचं स्टूल फिरत नाही, ते तिनं तपासून घेतलेलं असतं. दोरा नीट करताना तिनं पान उलटं केलं. पाठीमागे, देठापाशी, अंगठ्याचा ठसा होता. माती चिकटवताना दाबलेला असतो तसा, खोल आणि स्वच्छ. तिनं तो नुसता पाहिला आणि तिथेच थांबली. अंगठे ती आयुष्यभर बघत आली होती, प्लास्टरच्या काठातून बाहेर डोकावणारे डावे आणि उजवे अंगठे. हा ठसा एका बाजूला कललेला होता, आणि ती बाजू चुकीची होती. तिनं शेजारचा पक्षी उलटा केला. मग कात्री. मग मिशा. एकूण एक अंगठा डावा.

ती उरलेलं काम दुसऱ्या पाळीच्या बाईवर टाकून घरी निघाली. बसमध्ये तिला एकाच वेळी राग येत होता आणि रडू येत होतं, आणि दोन्ही दाबून धरल्यामुळे तिकीटवाल्यानं तिला बरं नाही का म्हणून विचारलं. घराचं दार तिनं आवाज न करता उघडलं. स्वयंपाकघरात टेबलापाशी मास्तर बसले होते. डावा हात झपाझप चालला होता, सुरीनं पानाच्या शिरा काढत. उजवा मांडीवर, रुमालाखाली, घरी आलेल्या पाहुण्यासारखा. आणि समोर सासूबाई, ज्यांना ओलं चालत नव्हतं त्या, दोन्ही हातांनी माती घट्ट धरून बसलेल्या, म्हणजे कापताना ती सरकू नये.

सुनेला बघून सासूबाईंनी माती सोडून दिली, जणू तिचा आणि आपला काही संबंध नाही. "मला शपथ घातली होती त्यांनी," त्या लगेच म्हणाल्या. कुणी काही विचारलं नव्हतं.

प्लास्टरताईनं पर्स खुर्चीवर आपटली. ती रागावली की हळू बोलते, आणि ते ऐकायला जास्त वाईट लागतं. तिनं सांगितलं की आपण सगळ्या हॉस्पिटलभर यांच्या हाताचं कौतुक करत फिरलो, आठवड्यामागून आठवडे गेले, जे दिवस परत मिळणार नाहीत ते गेले, आणि इथे दोघं मिळून आपल्याला वेड्यात काढत होती. "तुम्ही मला फसवलंत, बाबा," ती म्हणाली.

"तू नाही का फसवलंस?" मास्तर शांतपणे म्हणाले. "तळमजल्याला सजावट कोणी मागितली होती? तू सुस्कारा टाकलास तेव्हाच मला कळलं. इतका मोठा सुस्कारा आपल्या घरात कोणी टाकत नाही."

सासूबाईंना हसू आलं होतं, ते त्यांनी पदरात लपवलं. प्लास्टरताईनं टेबलावरचं अर्धवट पान उचललं. पान खरोखर सुंदर होतं, आणि त्यामुळे तिला आणखीच वाईट वाटलं.

"कळलं होतं तर मग उजवा का नाही वापरलात?" तिनं विचारलं. आता आवाजात राग नव्हता. "दुखतंय का इतकं?"

मास्तरांनी रुमाल बाजूला केला आणि हात टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "दुखण्याचं काही नाही गं. डाव्यानं बिघडलं की म्हणता येतं, डावा आहे, चालायचंच. उजव्यानं बिघडलं तर काय म्हणू?"

प्लास्टरताईला सगळ्यांत जास्त शरम याची वाटली की हे तिला आधी सुचलं नव्हतं. तिला वाटलं होतं म्हातारा आळशी आहे, हट्टी आहे, लहान मुलासारखं करतोय. म्हातारा घाबरला होता. जोवर हात वापरला नव्हता तोवर तो चांगला असू शकत होता. गल्लीतल्या एवढ्या लोकांच्या कानाशी ज्यानं कधी एक ओरखडा उमटू दिला नाही, त्याला स्वतःच्या उजव्या हातानं केलेला फेंगडा तारा बघायचा नव्हता. आणि ती त्याला रोज सुंदर सुंदर गोष्टी करायला सांगत होती.

तिनं हात धुतले, मातीचा एक गोळा तोडला, लिंबाएवढा, आणि त्यांच्या उजव्या तळव्यावर ठेवला. "काही करायचं नाही," ती म्हणाली. "पान नाही, पक्षी नाही. नुसता दाबा आणि सोडा."

"मग त्याचं काय होणार?"

"काही नाही होणार. दाबा."

मास्तरांनी दाबला. बोटं निम्म्या वाटेपर्यंत आली, तिथे थरथरली, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. सोडल्यावर बघितलं तर गोळा जवळपास तसाच होता, नुसत्या चार पुसट खळ्या. मास्तर तो परत मळायला निघाले तेवढ्यात तिनं हिसकावून घेतला, नळीनं भोक पाडलं आणि जाळीवर ठेवला. सासूबाईंनी विचारलं की हे आता काय आहे. सजावट आहे, सून म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, ही कसली मेली सजावट, उकडलेल्या बटाट्यासारखी दिसते. आणि खरंच तशीच दिसत होती.

तो बटाटा सुकल्यावर तिनं रस्त्याकडच्या खिडकीत टांगला, दुकानाच्या बरोबर वर. दुसऱ्या दिवशी दुसरा. नियम एकच होता, दाबून झाल्यावर कोणी हात लावायचा नाही. ना गुळगुळीत करायचं, ना फेकायचं. मास्तरांनी सुरुवातीला पुष्कळ कुरकूर केली. एकदा तर एक फारच पुचाट निघाला, आदल्या दिवसापेक्षाही कमी, तो त्यांनी गुपचूप कचऱ्यात टाकला. या वेळी सासूबाईंनी शपथ वगैरे काही मानली नाही. त्यांनी तो कचऱ्यातून काढून, पुसून, सुनेच्या हातात दिला, आणि तोही रांगेत टांगला गेला. दुखायचं, ते खरंच होतं. काही संध्याकाळी मास्तर दाबताना असे ओठ आवळायचे की प्लास्टरताई सिंककडे तोंड करून नसलेली भांडी घासायची.

पण रांग वाढत गेली तशी ती बोलायला लागली. पहिल्या दोनचार बटाट्यांनंतर खळ्या ठसठशीत झाल्या, मग खाचा, मग चारही बोटांच्या स्पष्ट पन्हळी आणि मागून अंगठा, या वेळी बरोबर बाजूला कललेला. गल्लीत चर्चा सुरू झाली. कोणी म्हणे शिंपले, कोणी म्हणे आल्याचे तुकडे, बाकावर बसणारे गप्पिष्ट आता फुटपाथवर उभं राहून पैजा लावायला लागले. त्यांचे केस इतके वाढले होते की वर बघताना हातानं बाजूला सारावे लागत. मास्तर गॅलरीतून त्यांना काही सांगत नसत. मात्र एकटे असले की खिडकीपाशी जाऊन कालच्या सुकलेल्या खाचेत बोटं घालून बघत. माती सुकली की आक्रसते, त्यामुळे बोटं त्यात मावायची नाहीत, आणि का कोण जाणे, याचा त्यांना फार अभिमान वाटायचा. नवऱ्यानं एकदा विचारलं की बाबा, हे किती लावणार, खिडकीतून उजेड यायचा बंद झालाय. त्याला दोन्हीकडून गप्प बसवण्यात आलं.

सुट्ट्या सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या रस्ताभर खिडक्यांतून तारे न् दिवे लागले होते. या घरात एका दोऱ्याची जागा शिल्लक होती. प्लास्टरताई नुकतीच ड्यूटीवरून आलेली, अंगावर अजून पांढरे शिंतोडे. मोबाइलवाल्याचा सकाळीच निरोप आला होता की सुट्ट्यांनंतर उत्तर द्याल ना, आणि सासूबाईंनी तो मुद्दाम सगळ्यांसमोर सांगितला होता. मास्तर टेबलापाशी बसले, स्वतःच गोळा तोडला, आणि बाही वर केली.

या वेळी बोटं निम्म्या वाटेत थांबली नाहीत. ती जरा अडली, थरथरली, आणि मग पुढे गेली, तळव्यापर्यंत. माती बोटांच्या फटींतून वर आली, चार पट्ट्या होऊन बाहेर डोकावली आणि एकेक करून टेबलावर गळून पडली. मास्तरांनी मूठ उघडली तर आत सालीएवढा एक पापुद्रा उरला होता, आणि तोही मधे फाटलेला. त्याला भोक पाडायला जागाच नव्हती.

सासूबाईंनी एक पट्टी उचलून दुसरीला जोडून बघितली, ती जोडली गेली नाही. प्लास्टरताईनं दोरा हातात धरला होता, तो तसाच राहिला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते तिनं पुसलंही नाही.

मास्तरांनी आपला उजवा हात उलटापालटा करून बघितला, मातीनं बरबटलेला. मग मूठ परत मिटली, परत उघडली.

"बिघडवलं बघ उजव्यानं," ते म्हणाले, आणि त्यांना इतकं हसू लोटलं की पुढचं बोलताच येईना.